धुळे ते धुळे, व्हाया अमळनेर-चोपडा-भुसावळ : तीन दिवस फक्त कॉफीसाठी

फेब्रुवारीच्या शेवटी मी आणि ताई गाडी काढून तीन दिवस खान्देशात फिरलो, आणि या वेळी ठरवूनच टाकलं होतं की प्रत्येक गावात चहा नाही, कॉफी प्यायची. आपला मुलूख चहाचा आहे हे मान्यच, टपरीवरच्या कटिंगशी माझं काही भांडण नाही. पण टपरीवर दोन बायका तासभर गप्पा मारत बसू शकत नाहीत. उभ्या उभ्या प्यायचा, लोकांच्या नजरा चुकवायच्या, पैसे द्यायचे आणि निघायचं. हॉटेलात गेलं तर पोरगा न विचारता आत पडदा लावलेल्या फॅमिली रूमकडे बोट दाखवतो. म्हणून आम्ही कॉफीसोबत आणखी दोन गोष्टी बघत होतो, बसायला उजेडातली जागा आहे का आणि धड वॉशरूम आहे का.

पहिला थांबा अमळनेर, आणि खरं सांगते, अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं ठिकाण पहिल्याच दिवशी सापडलं. प्रताप कॉलेजच्या बाजूने गावात येताना छोटासा गाळा आहे, पुढची अख्खी भिंत काचेची, आत पाच टेबलं, एका कोपऱ्यात दोन ग्रुपची, म्हणजे एकाच वेळी दोन जागी कॉफी काढणारी, खरी एस्प्रेसो मशीन. मशीन सेकंडहँड, पुण्यातलं एक कॅफे बंद झालं तिथून आणलेली. चालवणारा पोरगा पंचविशीचा, पुण्यात दोन वर्षं बरिस्ता, म्हणजे कॅफेत कॉफी बनवणारा, म्हणून काम करून परत आलेला. बिया चिकमगळूरच्या, दर पंधरा दिवसांनी पार्सल येतं, आणि पाकिटावर रोस्टची, म्हणजे बिया भाजल्याची, तारीख असते ती तो स्वतःहून दाखवतो. आम्ही कॅपुचिनो मागवली, ९० रुपये. पहिला कप आला तो जरा करपट लागला, ताईने तसं सरळ सांगितलं, तर त्याने वाद न घालता ग्राइंडर थोडा जाड केला, एक शॉट काढून सिंकमध्ये ओतून दिला आणि दुसरा आणून दिला. दुसरा कप मस्त होता, शेवटच्या घोटापर्यंत साखर घालावीशी वाटली नाही. दूध कुठलं विचारलं तर म्हणाला, "घरनं शे ताई." घरच्या म्हशीचं आणि शेजारच्यांच्या गाईचं अर्धं अर्धं, कारण नुसत्या म्हशीच्या दुधाचा फेस जड होतो आणि कॉफीची चव दबते. हे त्याने कुठल्या कोर्समध्ये शिकलेलं नाही, इथे आल्यावर तीन महिने रोज करून बघितलंय.

मी काचेच्या भिंतीबद्दल विचारलं, कारण आत दुपारचं ऊन येतं आणि एसीचं बिल वाढत असणार. त्याचं उत्तर माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तालुक्याच्या गावात कॅफे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पार्टिशन, पडदे, अंधार आणि पोलिसांची धाड हेच येतं, तशा बातम्या राज्यात सगळीकडून येतच असतात. त्याच्या वडिलांनाही नातेवाइकांनी विचारलं होतं की पोराला हाच धंदा सुचला का. म्हणून त्याने काच लावली, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही आत कोण बसलंय ते दिसावं. आता संध्याकाळी कॉलेजच्या मुली वह्या घेऊन येतात, आणि आम्ही होतो तेव्हा एक आई आपल्या मुलीला सोडायला आली आणि स्वतःच कोल्ड कॉफी पीत बसली. साने गुरुजींनी ज्या गावात मुलांना शिकवलं, जिथे २०२४ ला साहित्य संमेलन झालं, त्या गावात मुलींना अभ्यासाला बसायला अशी जागा असणं मला फार मोलाचं वाटतं. वॉशरूम स्वच्छ, आतून कडी लागते, बादली-मग आहे. पाचपैकी पाच.

तापी ओलांडून चोपड्याला पोचलो तोवर संध्याकाळ झाली होती, मुक्काम मामांकडे. तिथे कॅफे असं काही बघितलं नाही, पण मामा म्हणाले चला तुम्हाला लग्नातली कॉफी पाजतो. एक केटरिंगवाले काका आहेत, लग्नाची तिथी नसली की आपली मशीन दुकानाबाहेर मांडतात. तीच आपली एक्सप्रेसो! लहानपणी लग्नात जेवणापेक्षा जिची वाट बघायचो ती. उंच चकचकीत बॉयलर, बाजूला वाफेची नळी, मगात कॉफी पावडर आणि साखर थोड्याशा पाण्यात फेटून ठेवलेली, त्यावर दूध ओतायचं आणि नळी बुडवली की तो घुर्रर्र आवाज, मग वरून चॉकलेट पावडरची चिमूट. शहरातल्या एस्प्रेसोशी तिचा नावापुरताच संबंध, तिथे दळलेल्या कॉफीतून जोराच्या दाबाने पाणी काढतात, इथे नुसती वाफ दुधात सोडतात आणि कॉफी इन्स्टंटच. पण म्हशीच्या सायीच्या दुधाला ही वाफ जी चढते ना, त्याला तोड नाही. २० रुपये, काचेच्या ग्लासात, वर दोन बोटं फेस. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मामा सोबत होते म्हणून निवांत बसलो. दोघीच असतो तर बसलो असतो का? ताई म्हणाली नाही, आणि मलाही तसंच वाटलं. कॉफीला पाच, जागेला दोन.

दुसऱ्या दिवशी यावल, फैजपूर, सावदा. दोन्हीकडे केळीच केळी, रस्त्यात घडांनी भरलेल्या गाड्या, आणि १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, ते याच फैजपूरला झालं होतं हे ताईने गाडीत सांगितलं. कॉफीच्या बाबतीत विशेष काही नाही. सावद्याला एका ज्यूसवाल्याने कोल्ड कॉफीत केळं घालून दिलं, घट्ट आणि गोड, कॉफीचा वास जेमतेम, पण बाराच्या उन्हात पोटाला बरं वाटलं.

भुसावळ मात्र वेगळं. जंक्शनचं गाव, रेल्वेच्या नोकरीमुळे कुठकुठली माणसं इथे येऊन राहिली, त्यामुळे दाक्षिणात्य कुटुंबंही आहेत. मैत्रिणीने एका काकूंकडे नेलं. घराच्या ओट्यावर सकाळी सात ते दहा इडली, मेदूवडा आणि फिल्टर कॉफी, बोर्ड नाही काही नाही. पितळेचा फिल्टर रात्रीच लावून ठेवतात, पावडरीत चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) वीस टक्के, त्यापेक्षा जास्त नको असं त्यांचं ठाम मत. डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी आणि पेल्याच्या जोडीत, वरून खाली ओतून देतात. मराठी अस्सल भुसावळची, मला म्हणाल्या, "अजून घे भो, पैसे नको देऊ दुसऱ्याचे." तीस रुपयांत दोन वेळा प्यायले. एकच अडचण, साडेनऊनंतर गेलात तर कॉफी संपलेली असते.

आता वाईट अनुभव. जळगावच्या अलीकडे हायवेवर एक मोठं चकाचक ठिकाण आहे, नाव घेत नाही, पार्किंग भरपूर, भिंतीवर इंग्रजी पाट्या. कॅपुचिनो १८० रुपये आणि मशीनचं बटण दाबून प्रीमिक्सचं, म्हणजे तयार मिश्रणाच्या पावडरीचं, पाणी कपात. मी सांगितलं की मेनूवर फ्रेश ब्रू लिहिलंय, तर काउंटरवरचा म्हणाला मॅडम सगळ्यांना हेच आवडतं. बरं, कॉफीचं एकवेळ सोडून देते. लेडीज टॉयलेटला कुलूप होतं आणि चावी मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. लांबच्या प्रवासात ताई चार तास पाणी पीत नाही ती याच भीतीने, आणि खान्देशात फेब्रुवारीतसुद्धा दुपारी ऊन काय असतं ते आपल्याला माहितेय, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा ही तहान मारणं जिवावर बेतू शकतं. एवढा पैसा इमारतीत घातला आणि एक कडी उघडी ठेवता येत नाही याचा मला खरंच राग आला. शून्य.

तिसऱ्या दिवशी पाचोऱ्यावरून चाळीसगाव. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघितलं, त्यांचे टेबलटॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेले) फोटो बघायला निवांत वेळ काढूनच जा. बाहेर आल्यावर स्टेशन रोडला एका बेकरीत कोल्ड कॉफी आणि टोस्ट, ६० रुपयांत दोघींचं भागलं. बेकरीवाल्यांच्या सूनबाई काउंटर सांभाळतात, टेबल खिडकीपाशी, पंखा चालू, कोणी उठा म्हणालं नाही. कॉफी ठीक, साखर कमी सांगावी लागते. साडेतीन देते.

अमळनेरवाला सोमवारी बंद असतो आणि दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं, पण हाक मारली तर उघडतो. पुढच्या खेपेला दोंडाईचा, शहादा, नंदुरबार करायचंय, जमलं तर वर तोरणमाळपर्यंत. त्या बाजूला दोघी बायकांना तासभर बसता येईल आणि टॉयलेटला कुलूप नसेल असं ठिकाण कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा, कॉफी साधी असली तरी चालेल.