स्मार्ट पाळणा: ईएसपी३२ की रास्पबेरी पाय?

पाळणा स्मार्ट करायचा म्हटलं की सेन्सरवरून फारसा वाद होत नाही. तापमान-दमटपणाला डीएचटी२२, दुपटं ओलं झालं की कळायला ओलाव्याची पट्टी, रडण्यासाठी माइक, झोक्याला सर्वो म्हणजे छोटी मोटर. घोडं अडतं ते हे सगळं चालवणाऱ्या बोर्डावर. सांगलीत घरच्या पाळण्याला मी ईएसपी३२ (वाय-फायवाला साधा कंट्रोलर) आणि रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (एसडी कार्डवर चालणारा छोटा कॉम्प्युटर) असे दोन्ही लावून बघितलेत, त्यावरून सांगतो.

आधी पायचं कौतुक, कारण ते रास्त आहे. नोआयआर कॅमेरा (इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसलेला) आणि छोटा इन्फ्रारेड दिवा लावला की मिट्ट काळोखातही बाळाची चुळबुळ मोबाइलवर स्वच्छ दिसते. ईएसपी३२-कॅमचं चित्र त्यामानाने तुटक येतं. रडण्याचा आवाज ओळखणारं मॉडेल पायथनमध्ये चालवायची हौस असेल, तर पायच सोयीचा. त्याला अॅनालॉग पिन, म्हणजे कमीजास्त व्होल्टेज मोजणारी पिन, नाही; त्यासाठी एडीएस१११५ ही वेगळी चिप जोडावी लागते, पण ते काही मोठं काम नाही. ईएसपी३२लाही खोडी आहेच: वाय-फाय चालू असताना एडीसी२ या गटाच्या पिनांवर अॅनालॉग वाचता येत नाही. ओलाव्याची पट्टी ३२ ते ३९मधल्या पिनेवर घ्या, विषय संपला.

माझा निर्णय झाला तो लाइटवरून. वळवाच्या दिवसांत आमच्याकडे रात्री लाइट जाते, येते, लगेच पुन्हा जाते. इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब आहेत, पाळण्याजवळचा प्लग नाही. पाय एसडी कार्डवर काहीतरी लिहीत असताना असा झटका बसला की कार्ड बिघडू शकतं. माझं बिघडलं. लाइट आली, पायचा दिवा लागला, पण तो पुढे सुरूच होईना. मोबाइलवर सूचना नाही म्हणजे बाळ झोपलंय, असं धरून आम्ही बाहेर बोलत बसलेलो. शेवटी आतल्या खोलीतून आईच ओरडली, “अरे, पोरगं रडतंय की कवापासनं!” कार्डावर लिहिणं बंद ठेवणारी ओव्हरले सोय पायमध्ये आहे, ती वापरून बघायला हरकत नाही. माझं मन मात्र उडालं ते उडालंच.

ईएसपी३२ला कार्डच लागत नाही. लाइट आली की काही सेकंदांत तो उठतो आणि, कोड तसा लिहिलेला असेल तर, वाय-फाय आपणहून पकडतो. १८६५० हा रिचार्जेबल लिथियम सेल आणि चार्जिंग-बूस्ट मॉड्यूलवर तो आरामात तग धरतो. राउटरलाही छोटा यूपीएस द्या, नाहीतर सूचना घरातच अडकतील. बोर्ड कुठलाही असो, ‘मी चालू आहे’ असा संदेश दर अर्ध्या मिनिटाला पाठवा आणि तो चुकला की मोबाइल वाजू द्या.

माइक पाळण्याच्या दांडीला लावू नका. सर्वोची घरघर त्यालाच रडणं वाटते, आणि झोका थांबायचं नावच घेत नाही. भिंतीवर लावा, शिवाय मोटर फिरत असताना आवाज मोजूच नका.

व्हिडिओ हवाच असेल, तर पाय भिंतीवर, फक्त कॅमेऱ्यापुरता ठेवावा. रडणं, ओलावा आणि झोका ईएसपी३२कडे. फक्त सर्वोला ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्या आणि दोन्हींची ग्राउंड (वजा) तार एकच ठेवा. नाहीतर झोका सुरू झाला की व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होत राहील.