कॅसिओ एफएक्स-८२एमएस: संख्याशास्त्र शिकताना तो कधी हातात घ्यावा

रत्नागिरीत संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.ची तीन वर्षे पूर्ण करताना एक वस्तू पहिल्या दिवसापासून शेवटच्या प्रात्यक्षिकापर्यंत माझ्याजवळ राहिली, ती म्हणजे कॅसिओचा एफएक्स-८२एमएस हा कॅल्क्युलेटर. यंदा आमच्या आळीतील दोघी मुली प्रथम वर्षाला हाच विषय घेत आहेत आणि ‘‘ताई, कुठला कॅल्क्युलेटर घेऊ?’’ असे विचारत आहेत. त्यांना मी हाच घ्यायला सांगितले आहे. परंतु तो कोणत्या क्षणी हातात घ्यावा आणि कोणत्या क्षणी बाजूला ठेवावा, हे सांगितल्याशिवाय माझे उत्तर पुरे होत नाही.

यंत्राची ओळख थोडक्यात करून देते. किंमत हजार रुपयांच्या आत आहे. पडद्यावर दोन ओळी दिसतात. वर मांडलेले गणित आणि खाली उत्तर. मोडची कळ दाबून २ दाबले की प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाची) पद्धत सुरू होते, ३ दाबले की समाश्रयणाची (बिंदूंना जवळात जवळची रेषा बसवण्याची). एकेक निरीक्षण टाकून एम-प्लसची कळ दाबत जायचे, म्हणजे किती निरीक्षणे झाली तो आकडा पडद्यावर वाढत जातो. नंतर शिफ्ट आणि २ दाबले की तीन पर्याय समोर येतात: पहिला सरासरीचा, दुसरा एनने, म्हणजे निरीक्षणांच्या संख्येने, भागून काढलेल्या प्रमाण विचलनाचा आणि तिसरा एन उणे एकने भागून काढलेल्या प्रमाण विचलनाचा.

हे दुसरा आणि तिसरा पर्याय शेजारी शेजारी असणे, हाच माझ्या मते या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे. वर्गात बहुतेक जण ‘नमुना (मोठ्या समूहातून घेतलेली थोडी निरीक्षणे) असेल तर तिसरा’ एवढेच पाठ करतात आणि तेवढ्यावर परीक्षाही निभावते. पण एकाच माहितीची दोन उत्तरे का येतात, हा प्रश्न यंत्र रोज समोर ठेवत असते आणि त्याचे उत्तर शोधल्याशिवाय पुढचे टी-परीक्षण (नमुन्याच्या सरासरीवरून दावा तपासण्याची रीत) समजत नाही. मला ते समजले ते स्वयंपाकघरात. आईने मिरकरवाडा बंदरावरून बांगडे आणले होते. त्यांतले पाच मी पट्टीने मोजायला घेतले आणि ‘‘अगो, मोजून झाले असतील तर दे इकडे, आमटीला उशीर होतोय,’’ असे ती दोनदा म्हणेपर्यंत मी वहीत मांडत होते. लांबी भरली २०, २४, २१, २३ आणि २२ सेंटीमीटर. सरासरी २२, विचलनांच्या (प्रत्येक लांबी उणे सरासरी) वर्गांची बेरीज १०. पाचाने भागून वर्गमूळ काढले तर १.४१, चाराने भागून काढले तर १.५८.

आता असे समजा की त्या दिवशी जाळ्यात आलेल्या सगळ्या बांगड्यांची खरी सरासरी २३ होती. मग याच पाच माशांची विचलने २३ पासून मोजली तर वर्गांची बेरीज १५ होते. नमुन्याची सरासरी त्याच पाच माशांतून निघालेली असल्यामुळे ती त्यांच्या सर्वांत जवळ बसते आणि तिच्यापासून मोजलेला पसारा खऱ्या सरासरीपासून मोजलेल्या पसाऱ्यापेक्षा कधीही जास्त भरत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी पाचाऐवजी चाराने भागायचे. शिवाय विचलनांची बेरीज नेहमी शून्य असते, म्हणून चार विचलने कळली की पाचवे आपोआप ठरते. चार ही स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे मोकळेपणी बदलू शकणाऱ्या विचलनांची संख्या, तिथून येते. हे सर्व हाताने केल्यावर यंत्रात तीच पाच निरीक्षणे टाकली आणि १.४१४ व १.५८१ हे आकडे पडद्यावर पाहिले, तेव्हा ते मला ओळखीचे वाटले. माझे नव्या विद्यार्थिनींना सांगणे एवढेच आहे, की नवे सूत्र आले की पाच-सहा सोप्या आकड्यांवर ते आधी कागदावर सोडवावे, उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज लिहून ठेवावा आणि मगच यंत्राला विचारावे. पन्नास निरीक्षणांचे गणित मात्र हाताने करण्यात वेळ घालवू नये.

या यंत्राला आलेख काढता येत नाही आणि संख्याशास्त्रात ही उणीव मोठी आहे. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ साली माहितीचे चार संच प्रसिद्ध केले, प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संच समाश्रयणाच्या पद्धतीत टाकून पाहा. प्रत्येक वेळी रेषेचा छेद सुमारे ३, उतार ०.५ आणि सहसंबंध गुणांक (बिंदू रेषेला किती धरून आहेत ते सांगणारा आकडा) सुमारे ०.८२ येतो. आलेखकागदावर तेच बिंदू मांडले की एका संचात ते रेषेभोवती विखुरलेले दिसतात, दुसऱ्यात स्पष्ट वक्र दिसतो, तिसऱ्यात एक सोडून सगळे सरळ रेषेत असतात आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत असून लांबचा एकटा अकरावा बिंदू सगळी रेषा ठरवतो. म्हणून कॅल्क्युलेटरबरोबर आलेखकागदाची वही घ्यावीच. घरी संगणक असेल तर आर ही मोफत प्रणालीही घ्यावी. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती तयार केली. अँस्कोम्बचे चारही संच तिच्यात आधीच भरलेले आहेत.

नमुना कसा निवडला, हेही यंत्राला कळत नाही. आपल्याकडे हापूसची पेटी घेणारा जाणता माणूस वरचा थर उचलून खालची फळे पाहतो, कारण वरचा थर निवडून लावलेला असू शकतो. वरच्याच डझनाची वजने यंत्रात टाकली तर सरासरी तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक येईल आणि तरीही पेटीबद्दल ती चुकीचेच सांगेल. माहिती कुठून व कशी आली, हे गणिताच्या वर एका वाक्यात लिहिण्याची सवय मी दुसऱ्या वर्षी लावून घेतली. उत्तराच्या खालीही एक वाक्य लिहावे, ज्यात त्या आकड्याचा अर्थ विषयाबाहेरच्या माणसाला कळेल.

अभ्यासाबद्दल एक गोष्ट इथे सांगते, कारण यंत्र हाताशी असले की तिच्याकडे दुर्लक्ष होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते, पण आठवड्यानंतर मात्र वाचन थांबवून आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवते. सोडवलेली उदाहरणे वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, म्हणून वही मिटून कोऱ्या कागदावर सुरुवात करावी. कोणते परीक्षण लावायचे हा निर्णय कोणतीही कळ दाबून मिळत नाही, आणि परीक्षेत बहुतेक जण तिथेच अडतात.

वापराची एक सूचना. नवी माहिती भरण्यापूर्वी शिफ्ट, क्लिअर, १ आणि बरोबर या कळा दाबून जुनी निरीक्षणे पुसावीत. एका प्रात्यक्षिकात मी ती पुसायला विसरले आणि बारा निरीक्षणांऐवजी सतरांची सरासरी लिहून आले. तेव्हापासून उत्तर विचारण्याआधी मी पडद्यावरचा एन आणि कागदावरची मोजणी जुळवून पाहते.

घरात दादाचा किंवा ताईचा जुना कॅल्क्युलेटर असेल तर नव्यासाठी पैसे घालवू नका, तो उत्तम चालेल. फक्त घेताना एम-प्लसची कळ दहा-बारा वेळा दाबून पाहा. माझ्या यंत्रावरची अक्षरे त्याच कळेवरून सर्वांत आधी पुसली गेली.