‘आय सेव्हन, ४ जीबी ग्राफिक्स, फक्त २४,९९९’: या गेमिंग पीसीच्या आत काय निघतं

जाहिरात साधारण अशी असते: ‘गेमिंग पीसी. कोअर आय ७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, ५०० वॅट सप्लाय, आरजीबी कॅबिनेट, एक वर्ष वॉरंटी. २४,९९९ रुपये. आजच बुक करा.’ सोबत काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत पंखे फिरतानाचा व्हिडिओ. मजकूर नीट वाचला तर त्यात एकाही पार्टचा मॉडेल नंबर नाही. सगळी गोम तिथेच आहे. पुढे गेम मध्येच बंद पडतो, स्क्रीन काळी होते, गिऱ्हाईक फोन करतं, आणि पलीकडून ठरलेला प्रश्न येतो: ‘भाऊ, ड्रायव्हर अपडेट केला का? मग वॉरंटी गेली.’

असा सेट टेबलावर घेऊन साइड पॅनल काढलं की काय दिसतं, ते एकेक बघू.

प्रोसेसर खरंच आय ७ असतो, पण आय ७ २६००. म्हणजे २०११ सालचा, चार कोअर आणि आठ थ्रेडचा. ‘आय ७’ हे नुसतं श्रेणीचं नाव आहे, पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. आय ५ च्या बाबतीत तर आणखी मजा आहे: २०१० च्या आय ५ ६५० मध्ये दोनच कोअर होते. २६०० मध्ये एव्हीएक्स२ हा सूचनासंच नाही, तो इंटेलने २०१३ च्या चौथ्या पिढीत आणला, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होत नाहीत. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीच्या आसपास सुरू होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा विक्रेता तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देतो आणि मशीन नवं दिसतं. मुलगा घरी जाऊन व्हॅलोरंट टाकतो, तर समोर ‘व्हॅन ९००१’ एरर. विंडोज ११ वर या गेमला टीपीएम २.० (सुरक्षेची हार्डवेअर सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) लागतं, आणि या मदरबोर्डावर टीपीएम २.० नाही. यावर सेटिंगमध्ये उपाय नाही, विंडोज ११ ठेवायचं तर बोर्ड बदलणं हाच उपाय.

बोर्ड एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप). चकचकीत, ‘ब्रँड न्यू’ खोक्यात. जुन्या बोर्डांवरून काढलेले चिपसेट नव्या पाटीवर बसवून असे बोर्ड बनतात. ऑफिसच्या बिलिंगच्या कामाला ठीक आहेत, गेमिंगसाठी नाहीत. त्यावरची रॅम अर्थातच डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची. पुढे अपग्रेड करायचं म्हटलं तर यातलं काहीही नव्या बोर्डावर चढत नाही. कॅबिनेट आणि पंखे तेवढे राहतात, आणि बहुधा सगळ्यांत जास्त विचार त्यांच्याच निवडीवर झालेला असतो.

आता मुख्य माल, ग्राफिक्स कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसतं ‘जीटीएक्स १०५० टीआय’, मेमरी ४ जीबी. हे कार्ड मुळात जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय असतं, २०१०-११ च्या फर्मी पिढीतलं. त्याचं बायोस (कार्डातला मूळ प्रोग्राम) बदलून नाव आणि मेमरीचा आकडा खोटा भरलेला असतो. प्रत्यक्ष मेमरी बहुतेक वेळा १ जीबी. डेस्कटॉपवर, यूट्यूबवर, जुन्या गेममध्ये काही जाणवत नाही. गेमने १ जीबीच्या पुढची मेमरी मागितली की चौकटी-पट्टे दिसू लागतात किंवा मशीन अडकतं, कारण पुढची मेमरी अस्तित्वातच नसते. ड्रायव्हर अपडेट करू नका, असं बजावण्याचं कारणही हेच. विक्रेत्याने खोट्या नावाशी जुळवून घेतलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलेला असतो. चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा मूळ ड्रायव्हर टाकला की तो आतली चिप ओळखतो, आणि एकतर काळी स्क्रीन येते किंवा ‘कोड ४३’ ही एरर.

हे पकडायला पाच मिनिटं पुरतात. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर २०१८ च्या २.१२.० आवृत्तीपासून अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखून नावाच्या आधी ‘फेक’ असं लिहितं. ते लिहिलं नाही तरी आकडे बघा. खऱ्या १०५० टीआयमध्ये चिपचं नाव जीपी१०७, शेडर (चित्र काढणारे छोटे कोअर) ७६८, तंत्रज्ञान १४ नॅनोमीटर, मेमरी जीडीडीआर५, बस (मेमरीची वाट) १२८ बिट. बनावट कार्डात जीएफ१०६ किंवा जीएफ११६, शेडर १९२ आणि ४० नॅनोमीटर अशी रांग दिसते. नावाची ओळ बदलता येते, चिपमधले शेडर वाढवता येत नाहीत. लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह जवळ नसेल तर कार्डाच्या मागच्या पट्टीकडे बघा. निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए पोर्ट दिसलं की सौदा तिथेच थांबवा. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतलं, त्या पिढीपासून एनव्हिडियाने कार्डातला अ‍ॅनालॉग सिग्नलच काढून टाकला. निळं पोर्ट असलेलं १०५० टीआय मिळणं म्हणजे ते १०५० टीआय नसणं. आणि समजा खरं मिळालं, तरी घेऊ नका. पास्कलसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट आहेत.

ही झाली सरळ बनावट. त्याहून जास्त लोक फसतात ते नाव खरं, माल कमी या प्रकाराला. इथे जीपीयू-झेड ‘फेक’ म्हणत नाही, कारण कार्ड कंपनीचंच असतं. एएमडीच्या आरएक्स ५८० चं उदाहरण घ्या. एप्रिल २०१७ ला आलेल्या मूळ कार्डात २३०४ शेडर आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ आलं. त्यात २०४८ शेडर, म्हणजे आरएक्स ५७० इतके. आपल्याकडे अनोळखी ब्रँडच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘आरएक्स ५८० ८ जीबी’ असतं आणि शेवटचे ते चार आकडे एकतर कोपऱ्यात किंवा कुठेच नाहीत. ५७० च्या भावात मिळालं तर हरकत नाही. ५८० चे पैसे मोजले तर लुबाडलं.

आरटीएक्स ३०५० चंही तसंच. ८ जीबीच्या मूळ कार्डात २५६० कोअर, १२८ बिट बस, वीज १३० वॅट. फेब्रुवारी २०२४ ला आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर, ९६ बिट बस, ७० वॅट. फरक फक्त २ जीबीचा नाही, पण कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं नुसतं ‘आरटीएक्स ३०५०’. जीटी १०३० मध्ये तर जीडीडीआर५ ची मेमरी सेकंदाला ४८ जीबी नेते-आणते आणि त्याच नावाची डीडीआर४ ची १६.८ जीबी. आरएक्स ६५०० एक्सटी हे खरं आणि वॉरंटीचं कार्ड आहे, पण ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरतं. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर चालून जातं. वर सांगितलेल्या एच६१ वर २.० मिळतं आणि ४ जीबी मेमरी भरली की कार्डाचा श्वास कोंडतो. ‘नवीन कार्ड टाकलंय’ असं सांगून हा जोड खपवला जातो. प्रोसेसरमध्ये हीच युक्ती ‘राइझन ५, ५००० सिरीज’ या शब्दांत लपते. ५५०० आणि ५६०० दोन्ही सहा कोअरचे, पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी आणि पीसीआयई ३.०, तर ५६०० मध्ये ३२ एमबी आणि ४.०. बोलताना ५६००, बिलावर ‘राइझन ५’, खोक्यात ५५००.

पॉवर सप्लायकडे गिऱ्हाईक सहसा बघतच नाही, म्हणून तिथे सगळ्यांत जास्त मारलेलं असतं. लेबलावर ठळक ‘५०० वॅट’ छापायला काही लागत नाही. खाली छोट्या अक्षरात टेबल असतं, त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज तिथूनच घेतात. तिथे १५ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १५, म्हणजे १८० वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायमध्ये याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ५४० वॅट दिसतात. आता गरज किती? आय ५ १२४००एफ जास्तीत जास्त ११७ वॅट, आरटीएक्स ३०६० १७० वॅट, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. झाले ३३७. त्या ‘५०० वॅट’वर हे चालवलं की लोड येताच मशीन रीस्टार्ट होतं. हे बरं म्हणायचं, कारण संरक्षणाचं सर्किट वगळलेला सप्लाय जळताना बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो.

मागे ११५/२३० चं लाल बटण दिसलं तर आतली रचना जुनी समजा, चांगल्या सप्लायला ते लागत नाही. ‘८५ प्लस’ किंवा नुसतं ‘हाय एफिशिअन्सी’ असा गोल शिक्का म्हणजे ८० प्लस हे वीज-कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणित मॉडेलांची यादी ८० प्लसच्या वेबसाइटवर आहे, तिथे मॉडेल नंबर टाकून बघायचा.

रॅम आणि एसएसडीत फसवणूक लहान, पण नेहमीची. १६ जीबी म्हणून एकच कांडी देतात, ८ च्या दोन नाही, त्यामुळे मेमरी सिंगल चॅनलवर, म्हणजे दोनाऐवजी एकाच वाटेने, चालते. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबवर ते दिसतं. ‘एनव्हीएमई’ सांगून एम.२ आकाराची साटा एसएसडी बसवतात. दिसायला सारखी, पण साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकतो, जनरेशन ३ ची एनव्हीएमई ३,५०० पर्यंत जाते. कडेला दोन खाचा असतील तर बहुधा साटा. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ (डिस्क किती तास चालली) बघा, नव्या डिस्कवर काही हजार तास असू शकत नाहीत. अनोळखी ब्रँडची फारच स्वस्त डिस्क असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या चाचणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून परत वाचून घ्या. १ टीबी दाखवणाऱ्या डिस्कमध्ये प्रत्यक्षात किती जागा आहे ते तेव्हाच कळतं.

विंडोजच्या ‘अबाउट’ पानावर दिसणाऱ्या प्रोसेसरच्या नावावर विसंबू नका. ते नाव रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतून) येतं आणि प्रत्येक वेळी मशीन सुरू होताना बदलून लिहिणारी छोटी स्क्रिप्ट टाकता येते. सीपीयू-झेड थेट प्रोसेसरला विचारतं. तेही विक्रेत्याने आधीच टाकून ठेवलेलं नको, आपल्या पेनड्राइव्हवरून चालवा.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला असो, दिल्लीत नेहरू प्लेसला असो की गावातल्या ओळखीच्या दुकानात, पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर पार्टवार कोटेशन मागा: कंपनी, पूर्ण मॉडेल, मेमरी किती आणि कुठली, वॉरंटी कंपनीची की दुकानाची. ‘तुम्ही बिनधास्त राहा’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. बिल जीएसटीचं आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरिअल नंबर हवा. १८ टक्के वाचवायला कच्ची पावती घेतली की बहुतेक ठिकाणी कंपनीची वॉरंटी मागायची सोयच राहत नाही. जीएसटी क्रमांक पंधरा अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या वेबसाइटवर तो टाकला की दुकानाचं नोंदलेलं नाव दिसतं. बिलावरचं नाव वेगळं निघालं तर विचारा. ट्रे प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवायचा, स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी विक्रेत्यापुरतीच धरा. आणि प्रोसेसरच्या नावात ‘एफ’ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड दुरुस्तीला गेलं की मशीन बंद.

दुकानातच मशीन सुरू करून जीपीयू-झेड, सीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या तिघांचे फोटो काढा. मग पंधरा मिनिटं फरमार्क ही कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी चालवून तापमान स्थिर होतंय का, पट्टे येतायत का, सप्लाय टिकतोय का ते बघा. सेकंडहँड कार्डाला ही चाचणी सोडून चालणारच नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं करून नाणी मिळवणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात आली. त्यातली अजून हातोहात फिरतायत. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखे आणि मेमरी झिजलेली असू शकते. ‘सात दिवस चेकिंग वॉरंटी’ या शब्दांचा अर्थ एवढाच की आठव्या दिवशी फोन उचलला जाणार नाही.

ऑनलाइन विक्रेत्याला ‘टोकन’ म्हणून आगाऊ पैसे पाठवू नका. क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे रिफंड येईल, असं सांगणारा चोर आहे, यूपीआयचा पिन पैसे घेताना कधीच लागत नाही. पार्सल उघडताना लेबलपासून सीरिअल नंबरपर्यंत एकच सलग, न कापलेला व्हिडिओ घ्या.

फसवणूक झालीच असेल तर मशीनचे स्क्रू खोलून विक्रेत्याला ‘तुम्हीच छेडछाड केली’ म्हणायची संधी देऊ नका. जीपीयू-झेडचा फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि चॅट एकत्र करा, जाहिरात सगळ्यात आधी, कारण ती लगेच काढून टाकली जाते. विक्रेत्याला लेखी कळवा आणि मुदत द्या. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला असेल तर मात्र १९१५ वर वेळ घालवू नका. त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तर त्याच वेळात येतात.