लघवीची पट्टी की रक्ततपासणी? मूल हवं असलेल्या नाशिककर जोडप्यांसाठी

पाळी नियमित असेल आणि फक्त गर्भ राहण्याचे योग्य दिवस शोधायचे असतील, तर आधी मेडिकलमधून एलएचची (स्त्रीबीज बाहेर पडायला लावणाऱ्या संप्रेरकाची) पट्टी आणा. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या साधारण २४ ते ३६ तास आधी एलएच एकदम वाढतं, ते लघवीत उतरतं. एवढ्यासाठी पेठ-दिंडोरीहून रोज नाशिकची लॅब गाठून सुई टोचून घेणं कोणाला जमणार? इथे पट्टीच सरस. मात्र फिकट रेघ म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. दुसरी रेघ कंट्रोलच्या (पट्टी नीट चालली हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा जास्त गडद हवी. प्रेग्नन्सीच्या पट्टीत फिकट रेघही धरतात, म्हणून घोटाळा होतो.

पीसीओडी (स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडण्याचा संप्रेरकांचा विकार) असेल तर पट्टीवर विसंबू नका. अनेकींचं एलएच मुळातच चढं असतं. रेघ दिवसेंदिवस गडद दिसते आणि स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. बायका महिनोन्‌महिने पट्ट्या आणतात आणि दोष स्वतःला देतात, याचं फार वाईट वाटतं. त्यांनी सोनोग्राफीने फॉलिक्युलर स्टडी करावा, म्हणजे स्त्रीबीज वाढतंय का ते पाहावं, किंवा रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यावर वाढणारं संप्रेरक, तपासावं. तेही सरसकट पाळीच्या पहिल्या दिवसापासून एकविसाव्या दिवशी नको. पाळी ४० दिवसांनी येत असेल तर तेहतिसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी.

लघवीचा दुसरा अडसर पाण्याचा. द्राक्षबागेत उन्हात राबून पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, बाटलीभर पाणी एका दमात प्यायलं की पातळ, आणि रेघ तशी बदलते. लॅबमध्ये क्रिएटिनिन (लघवी किती दाट ते सांगणारा घटक) मोजून हा फरक काढता येतो, घरच्या पट्टीवर नाही. म्हणून रोज ठरावीक वेळी तपासा, त्याआधी दोनेक तास पाणी बेताचं प्या. सातपूर-अंबडला रात्रपाळी असेल तरी वेळ एकच ठेवा.

दिवस गेलेत का, एवढंच पाहायला लघवी पुरते. पण एचसीजीचं, म्हणजे प्रेग्नन्सीची पट्टी शोधते त्याच संप्रेरकाचं, इंजेक्शन घेतलं असेल तर साधारण दोन आठवडे ही पट्टी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. पट्टी पॉझिटिव्ह आणि पोटात एका बाजूला दुखतंय, रक्त जातंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, हे पट्टी सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी आणि ४८ तासांच्या अंतराने रक्तातलं बीटा एचसीजी लागतं.