व्हर्टस जीटीसाठी साधे पेट्रोल की ९५ प्रीमियम? खान्देशातल्या वापरानंतरचे मत

फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचे १.५ लिटरचे टर्बो इंजिन १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. अशी गाडी दारात आली की तिच्या टाकीत साधे पेट्रोल भरायचे की लिटरमागे काही रुपये जास्त मोजून ९५ ऑक्टेनचे प्रीमियम, हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक हौशी मालकांना पडतो. माझे मत स्पष्ट आहे. इंजिन कंपनीतून आले तसेच असेल, रीमॅप केलेले (म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकातले सॉफ्टवेअर बदललेले) नसेल, तर भरपूर खपाच्या पंपावरचे साधे पेट्रोल पुरेसे आहे. प्रीमियमचे जादा पैसे ताकदीचे नसून त्यात मिसळलेल्या स्वच्छता करणाऱ्या रसायनांचे आहेत, आणि तेवढ्याच हिशेबाने ते घ्यावे.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ऊर्जा, हा समज फार पक्का रुजला आहे. प्रत्यक्षात दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता त्या आकड्यातून कळते. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचे मिश्रण भडकले, तर नॉकिंग होते आणि पिस्टनवर घातक आघात होतात. आधुनिक इंजिनातला नॉक सेन्सर ही खडखड कानाला जाणवण्याआधीच ओळखतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडू लागतो. इंजिन वाचते, पण ओढ कमी होते. टर्बोच्या इंजिनात हवा दाबून भरलेली असल्यामुळे हा धोका मुळातच जास्त असतो. त्यात भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला थंड हवाच मिळत नाही, आणि म्हणून पुण्यातल्या किंवा बंगळुरूतल्या मालकाचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

काही वर्षांपूर्वी मी ९५ प्रीमियमची शिफारस न अडखळता केली असती, कारण तेव्हाचे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे होते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलने हे गणित बदलले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन आकडा सुमारे १०८ आहे, शिवाय त्याची वाफ होताना ते सिलिंडरमधली उष्णता शोषून घेते. त्यामुळे आजच्या साध्या ई२० पेट्रोलचा ऑक्टेन ९५ असल्याचे पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये सांगितले आहे. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण जास्त पैसे मोजत होतो, तो आकडा साध्या नोझलमधूनही मिळू लागला. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे ई२० वर मायलेज थोडे घटते, ही तक्रार रास्तच आहे. मात्र ९५ प्रीमियम घेतल्याने इथेनॉल टळते, असे समजून कोणी ते घेत असेल तर त्याचा उपयोग नाही, कारण त्यातही इथेनॉल असते.

हे पडताळायला चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या औट्रम घाटाइतकी चांगली जागा आपल्या भागात नाही. चार माणसे, सामान, एसी चालू आणि दुपारची वेळ अशा स्थितीत, गिअर मुद्दाम वरचा ठेवून कमी आरपीएमवर गाडी चढवली की इंजिनावर सर्वाधिक ताण येतो आणि नॉकिंग व्हायचे असेल तर तिथेच होते. गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटला ॲडॅप्टर लावून इग्निशनचा कोन, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, मोबाइलवर पाहिला, तेव्हा वळणातून बाहेर पडून ॲक्सिलरेटर दाबताच संगणक ठिणगी उशिरा पाडताना दिसला. पण साध्या आणि प्रीमियम पेट्रोलवरच्या आकड्यांत मला विश्वासाने सांगता येईल असा फरक आढळला नाही. सकाळी लवकर, थंड हवेत तोच घाट चढताना मात्र साध्या पेट्रोलवरही गाडी स्पष्टपणे मोकळी धावली. मुक्ताईनगरकडच्या सपाट महामार्गावर तर टाकीत काय आहे हे ओळखणेही कठीण आहे. अशी तुलना करणाऱ्याने टाकी जवळजवळ रिकामी करून पेट्रोल बदलावे आणि दुसऱ्यांदा भरल्यानंतरच मत बनवावे, कारण आधीचे उरलेले पेट्रोल नव्यात मिसळते.

आता त्या स्वच्छता करणाऱ्या रसायनांविषयी. इंजेक्टरच्या बारीक छिद्रांवर कार्बन साचू नये, हा त्यांचा उद्देश आहे आणि तो खरा आहे. मात्र या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, ते इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, म्हणून व्हॉल्व्हवरचा कार्बन कोणत्याही प्रीमियम पेट्रोलने धुतला जाणार नाही. इंजेक्टरांसाठी मी अधूनमधून एखादी टाकी प्रीमियमची भरतो. प्रत्येक वेळी भरण्याचे कारण मला दिसत नाही.

आपल्या भागात याहून महत्त्वाची गोष्ट पेट्रोलच्या ताजेपणाची आहे. तालुक्याच्या ठिकाणी प्रीमियमचा खप कमी, त्यामुळे तो माल भूमिगत टाकीत जास्त दिवस पडून राहू शकतो. पावसाळ्यात त्या टाकीत पाणी झिरपले, तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन खाली येतो. अशा पंपावरच्या महाग पेट्रोलपेक्षा महामार्गावरच्या, ट्रक-मोटारींची सतत वर्दळ असलेल्या पंपावरचे साधे पेट्रोल मी केव्हाही पसंत करीन. शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी आणि त्या दिवसाची घनता पाहण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि तो मागायला संकोच करू नये.

१०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आले तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता. रीमॅप केलेल्या किंवा पेट्रोलच्या झाकणावर ९८ ऑक्टेन लिहिलेल्या गाडीलाच ते परवडते, व्हर्टससाठी तो खर्च वाया जाईल. इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. अमेरिकी व्हिडिओंमधले आकडे आपल्याकडच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. तिथला ९१ हा आकडा दोन मोजणी पद्धतींची सरासरी असतो आणि आपल्या मोजणीत तो सुमारे ९५-९६ होतो. तिथले ८७ चे साधे पेट्रोल आपल्या जुन्या ९१ च्या जवळपास बसते.

पंपावर कर्मचारी "भाऊ, पॉवर टाकतो" असे म्हणून उत्तराची वाट न पाहता प्रीमियमचे नोझल उचलतो, असा अनुभव मला एकाहून अधिक ठिकाणी आला आहे. आपण सारे शून्य पाहण्यात गुंतलेले असतो आणि दराकडे लक्ष जात नाही. मशीनवर शून्याच्या शेजारीच लिटरचा दर दिसतो. तो पाहूनच भरायला सांगावे आणि पेट्रोलचा प्रकार लिहिलेले छापील बिल घ्यावे.