जुळे सोलापूरचं फिजिओ सेंटर, मुलीच्या पाठीला बाक आला म्हणून गेलो होतो

माझी मुलगी नववीत आहे, वर्षभरात उंची एकदम वाढली आणि पोक काढून चालायला लागली. घरात सगळे दिवसभर सरळ बस गं, सरळ बस गं करायचो, आता त्याचं लई वाईट वाटतं. आधी ऑनलाइन पोश्चर बेल्ट मागवला, ६०० रुपये गेले, पट्टे घासून काखेत लाल चट्टे उठले आणि बेल्ट काढला की पाठ होती तशीच.

इथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. ताप येतो का, वजन उतरलंय का, पायाला मुंग्या येतात का विचारलं, कारण मणक्याच्या टीबीनंपण कुबड येतं. मग पालथं झोपवलं तर बाक जवळपास गेलाच, म्हणजे सवयीचा. तरी उभ्यानं बाजूचा एक्सरे काढायला लावला. त्यात बाकाचा कोन ४८ डिग्री आला. २० ते ४० पर्यंत बाक सगळ्यांनाच असतो म्हणे. श्यूअरमन म्हणून एक प्रकार असतो त्यात लागोपाठ ३ किंवा जास्त मणके पुढून चेपून पाचरीसारखे होतात, तो बाक झोपलं तरी जात नाही, मग हाडं वाढतायत तोवरच ब्रेसचा (अंगावर घालायचा कडक आधार) उपयोग होतो आणि ऑपरेशनचा विषय साधारण ७०-७५ च्या पुढं. हिचे मणके चांगले निघाले, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं केलं तर डोकं आणि भिंतीत चार बोटं अंतर. मॅडमनी स्वतःची बोटं घालून मोजलं. तीन महिन्यांनी दोन बोटं राहिलं. व्यायाम साधेच, हनुवटी मागं घेणं, खांद्याच्या पाती जवळ आणणं, पालथं झोपून छाती उचलणं. फोम रोलर घ्यायचा का विचारलं तर म्हणाल्या कशाला, घरातली सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून पाठीखाली आडवी घ्या.

सासूबाईंनापण बाक आहे पण तो हाडं ठिसूळ होऊन मणके दबल्यामुळं, त्यांना हिचे व्यायाम अजिबात करायला लावू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा असं स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या कुणी दोघींचे पैसे घेतले असते.

तक्रार एवढीच, दुसरा मजला आणि लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. संध्याकाळी साडेसहाची वेळ दिली तरी सव्वासात होतात, सकाळी जावा. एका वेळेचे ३०० घेतात, महिन्यानंतर आम्हाला पंधरा दिवसातून एकदाच बोलावलं.