नामिबचे दोन धुकेपिणे भुंगेरे: दक्षिणेचा काळा, उत्तरेचा पांढऱ्या पाठीचा

ओनिमॅक्रिस ही नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातल्या काळुंद्र्या (डार्कलिंग) भुंगेऱ्यांची प्रजाती. तिच्यातल्या दोन जाती धुकं पिऊन जगतात, पण एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत.

पहिल्या जातीचा, उंग्विक्युलॅरिस, पूर्ण काळा. त्याचा मुलूख म्हणजे नामिबियात कुइसेब नदीच्या दक्षिणेचा वाळूसागर. धुक्याच्या रात्री तो टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे पाठ उंचावून डोकं खाली घालतो. अंगावर साचलेले थेंब घरंगळत थेट तोंडाशी येतात. 1976 साली हॅमिल्टन आणि सीली या संशोधकांनी हे जगापुढे मांडलं. काही भुंगेऱ्यांचं वजन एका धुक्यात 34 टक्क्यांपर्यंत वाढलेलं आढळलं!

दुसऱ्या जातीचा, बायकलर, हाही असाच शीर्षासन करतो, मात्र उत्तरेला, स्केलेटन कोस्ट या नामिबियाच्या उत्तर किनाऱ्याच्या वाळूत. त्याची पाठ पांढरी.

मधे काय? कुइसेबचा पूर दक्षिणेची वाळू वाहून नेतो, त्यामुळे पलीकडे, उत्तरेला, खडीची मैदानं पसरलीत. दोघांनाही उडता येत नाही, आणि माथा गाठायला मोकळी वाळू हवीच. माझ्या मते या वाटणीचं मर्म रंगापेक्षा वाळूच्या या तुटलेपणात आहे. प्रसिद्धी सगळी दक्षिणेच्या काळ्याला मिळते. उत्तरेचा पांढरा तितकाच अभ्यासण्याजोगा आहे.